भावोजींना दिलेली वाट

आमच्या घरात ओटीवरून माजघरात जायचं दार अरुंद आहे. समोरून माझे थोरले दीर, भावोजी, आले की मी बाजूला होते आणि ते थेट निघून जातात. लग्नाला वीस वर्षं झाली, यात कधी कुणाला काही खटकलं नाही. मलाही नाही.

चाळिशी उलटल्यावर मी शिडाची होडी चालवायला शिकले, तीही त्यांच्याकडूनच. आंब्याच्या कलमांच्या कामातून वेळ काढून ते मला भाट्याच्या समुद्रावर न्यायचे. शर्यतीतले वाटेचे नियम मी आठवड्यात पाठ केले. वारा उजव्या अंगानं, म्हणजे स्टारबोर्डनं, घेणाऱ्या होडीची वाट. डाव्या अंगानं घेणाऱ्यानं तिला चुकवायचं. मी शाळेत गणित शिकवते. असले नियम मला जड जात नाहीत, हे मी चारचौघांत सांगतही असे.

मुंबईच्या स्पर्धेसाठी इथून दोघं निवडायचे होते, दोन रविवारी एकेक. एका होडीत एकच माणूस. पहिल्या रविवारी मी सगळ्यांच्या पुढे होते. वारा माझ्या उजवीकडून होता आणि डावीकडून आडवे आले भावोजी. वाट माझी. पण थोरले ते! "जा, तुम्ही जा!" म्हणत मी त्यांच्या मागून जायला होडी वळवली. नियमाप्रमाणे तेही माझ्या मागून जायला वळलेच होते. दोन्ही होड्या धाडकन आपटल्या.

"प्रोटेस्ट!" भावोजी ओरडले. पंचांकडे तक्रार, तीही घरच्याच माणसावर! सुनावणीत शांतपणे म्हणाले, "वाट हिचीच होती. पण ऐन वेळी वळली, मला चुकवायला जागाच ठेवली नाही."

मी बाद, आणि ती जागा तिसऱ्याच कुणाला गेली. दोन दिवस मी त्यांच्याशी चकार शब्द बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तेच ओटीवरून म्हणाले, "अगो, तू सरळ येणार या भरवशावर मी वळलो. मला मान द्यायचाय ना? मग सरळ ये."

दुसऱ्या रविवारी जागा एकच उरली होती. गुडघ्यांमुळे भावोजींचाही हा शेवटचा मोसम. आम्ही दोघंच पुढे होतो, आणि शेवटच्या तरंगत्या बोयाजवळ पुन्हा तेच आडवे आले.

"स्टारबोर्ड!" वर्गातल्या मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात मी ओरडले आणि सुकाणू हलू दिलं नाही. ते वळून माझ्या मागून गेले. तिथेच त्यांची मुंबई हुकली. जिंकून किनाऱ्याला लागल्यावर मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन ओटीवर निघाले. दारात समोरून भावोजी. सवयीनं माझा पाय बाजूला सरकला. ते आधीच थांबले होते.

"अगो, परत आपटवशील!"

मी सरळ गेले.