सुताचं दुसरं टोक

माण गावात आमच्या भाड्यानं द्यायच्या खोल्यांना दारं करायला रिहे गावचा एक सुतार आला होता. दारांसाठी काढलेलं माझं जुनं सागवान तुकड्यातुकड्यानं त्याच्या पिशवीतून जाणार, याची मला खात्री होती. म्हणून मी खुर्ची टाकून समोरच बसलो.

त्यानं गेरूत भिजवलेलं सूत फळीवर ताणलं आणि एक टोक माझ्या हातात दिलं.

"सूत धरतो म्हनून सुतार म्हंत्यात. आज तुमी बी सुतार."

त्यानं सूत मधे उचलून सोडलं. रेघ वाकडी उमटली.

"तुमचं ध्यान पिशवीकडं हाय," असं म्हणत त्यानं पिशवी माझ्या पायाशी आणून ठेवली. "आता धरा नीट."

रेघ सरळ आली. संध्याकाळी तो पिशवी उचलून गेला. आत काय होतं, ते मला अजून माहीत नाही.