मांगं कोनी राह्यलं का?

आधीच सांगून टाकतो. मी भुतांना घाबरतो, पण भुतं असतात असं मानत नाही. चौकात उतरवलेलं लिंबू दिसलं की ‘ही सगळी अंधश्रद्धा’ असं बायकोला दोन मिनिटं समजावतो आणि मग गाडी दुसऱ्या गल्लीतून काढतो. तेव्हा पांढऱ्या साडीतली बाई वगैरे इथे शोधू नका. माझ्या अनुभवात आहे भर उन्हातला हळदीचा मांडव, शे-दीडशे नातेवाईक आणि एक गाणं.

निमित्त असं, की आपल्या ग्रुपवर आठवडाभर ‘तुमचं आवडतं रेल्वेगाणं’ ही साखळी चाललीय. सगळ्यांनी सिनेमातली टाकली. खिडकीत हिरॉईन, टपावर हिरो. मी लिहिलं की माझं आवडतं रेल्वेगाणं कुठल्याच रेडिओवर लागलेलं नाही आणि ते आठवलं की अजून हातावरचे केस उभे राहतात. लगेच चारपाच जण — काका, इस्कटून सांगा. तर घ्या, इस्कटतो.

मी धाडचा, जिल्हा बुलढाणा. इथल्याच एका शाळेत क्लार्क आहे. आमच्या जिल्ह्यात रेल्वे आहे, पण ती वरच्या अंगानं मलकापूर-शेगावकडून निघून जाते. धाडला एस.टी. आहे, जीप आहे, आठवडी बाजार आहे. आगगाडी आहे ती फक्त आमच्या घरातल्या लग्नाच्या गाण्यात.

हे गाणं आईनं माहेराहून आणलं. माहेर म्हणजे बीबी, लोणार तालुक्यातलं. तिकडच्या लोकांनी रेल्वे पाहिली ती जालन्याला जाऊन, म्हणून गाण्यातली गाडी जालन्याच्या ‘टेसनावर’ उभी असते. हळदीच्या दिवशी बायका गोल बसतात आणि एकेका नातेवाइकाला नाव घेऊन, गावाचं नाव जोडून गाडीत बसवतात. देऊळघाटची आत्या आली, खिडकीपाशी बसली. चिखलीचे काका आले, पेटी वर ठेवली. असं करत सगळं गणगोत डब्यात भरलं की शेवटी तीन वेळा विचारायचं :

थांब थांब गार्डदादा, शिट्टी नको देऊ,
मांगं कोनी राह्यलं का, एकडाव पाहू…

सगळ्या बायका म्हणतात, ‘कोनी नाही’. तिसऱ्यांदा ‘कोनी नाही’ झालं की गार्ड शिट्टी मारतो आणि गाडी सुटते. सुटलेल्या गाडीत मग कोणाला बसवता येत नाही, असा नियम. गार्ड मी. सात वर्षांचा असताना हौसेनं मला शिट्टी दिली, ती परत घ्यायची राहून गेली. आज बावन्नावं चालू आहे. अर्धं टक्कल पडलंय, तरी लग्न निघालं की सगळे विचारतात, गार्ड आला का?

आता माझी चूक सांगतो.

अठरा वर्षांपूर्वी माझी बहीण सुनंदा हिचं लग्न होतं. तोपर्यंत नावं आईच्या डोक्यातून यायची. मी नवा नवा क्लार्क झालेलो. प्रत्येक गोष्टीची यादी केल्याशिवाय मला घास गिळत नव्हता. म्हटलं, आई, मी नावं लिहून देतो, तू फक्त वाचत गा. कोणी सुटणार नाही. पत्रिका वाटल्याचं रजिस्टर मीच ठेवलेलं, त्यावरून सुवाच्य अक्षरात यादी उतरवली.

त्या पत्रिका गावोगाव फिरून वाटल्या होत्या वसंतमामानं. आईचा सख्खा धाकटा भाऊ. घरचाच माणूस, आणि वाटणाराच तो, त्याला पत्रिका कोण देणार? म्हणजे रजिस्टरात त्याचं नाव नाही. म्हणजे माझ्या यादीत नाही. म्हणजे गाण्यात नाही.

आणि मामा तिथेच बसला होता. ढोलकं वाजवत! या गाण्याचं ढोलकं म्हणजे गाडीचं इंजिन. आधी हळू, मग वेग धरणारं. ते त्याच्यासारखं कोणालाच जमत नव्हतं. आई गायची, मामा वाजवायचा, लहानपणापासूनची जोडी. आई कागदावर बोट ठेवून गात गेली. तीन वेळा विचारून झालं, तीन वेळा ‘कोनी नाही’ झालं आणि मी गाल फुगवून शिट्टी मारली. मामानं ढोलकं बाजूला ठेवलं, टोपी घातली आणि स्टँडवर चालता झाला.

त्यानंतर तो आमच्या एकाही कार्यात आला नाही. आम्ही पाया पडलो, माणसं घातली. उपयोग शून्य. आणि आईनं ते गाणं पुन्हा तोंडातून काढलं नाही. तेव्हापासून सुशीलाकाकू पुढे गाते.

यंदा वैशाखात माझ्या मुलीचं, पल्लवीचं लग्न ठरलं. आई अठ्ठ्याहत्तरची. पाच भावंडांपैकी आता ती आणि मामा दोघंच उरलेत. ती मला एवढंच म्हणाली की मला साडी नको, काही नको, वसंताला तेवढं आण. मी पहिली पत्रिका घेऊन बीबीला गेलो. मामानं चहा पाजला, सोयाबीनचा भाव विचारला, पल्लवीची चौकशी केली. मी विषय काढला तसा म्हणाला, “गाडी सुटली ना बाप्पा. सुटलेल्या गाडीमांगं कोनी धावते काय?”

घरी येऊन आईला सांगितलं. ती फक्त ‘हाव’, म्हणजे ‘हो’, म्हणाली. पुढचे पंधरा दिवस तिनं लग्नातल्या एकाही गोष्टीत लक्ष घातलं नाही. पोरीनं शालू दाखवला तर ‘चांगला हाये’ म्हणून कूस बदलली. मला वाटायला लागलं, आपली एक यादी आईला बरोबर घेऊनच जाते आता.

तर हळदीचा दिवस. सकाळचे अकरा वाजलेले. ऊन असं, की मांडवाचं कापड तव्यासारखं तापलेलं. बायका बसल्या. ढोलक्यावर कोण? सुनंदाचे यजमान, आमचे दाजी. ज्यांच्या लग्नात ते ढोलकं खाली ठेवलं गेलं, तेच नवरदेव. दाजी बँकेत आहेत. वाजवणंही बँकेसारखंच, मध्येच काम बंद. प्रत्येक तिसऱ्या ओळीला इंजिन घाटात अडकायचं.

काकूनं सगळ्यांना बसवलं. आई खुर्चीवर, भिंतीकडे तोंड. पहिल्यांदा विचारलं — मांगं कोनी राह्यलं का? कोनी नाही. दुसऱ्यांदा. कोनी नाही. मी शिट्टी तोंडात धरली. तिसऱ्यांदा विचारलं…

आणि आई म्हणाली, “राह्यला.”

काकू थांबली. दाजींचं ढोलकं तसंही थांबलेलंच होतं. अठरा वर्षांनी आई गायला लागली :

बीबीचा भाऊ राह्यला बाई, धावत येते वाटेनं,
चप्पल तुटली पायातली, पाय भाजते उन्हानं…

अशी ओळ त्या गाण्यात नाही. कधीच नव्हती. चप्पल कुठून आली? आम्ही एकमेकांकडे बघतोय. सुनंदानं पदर तोंडाला लावलेला. आईनं ओळ दोनदा म्हटली, मग माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे शिट्टी.

मी फुंकली. आवाज नाही. परत फुंकली. नुसती हवा! माझ्या भाच्यांनी मला हळद फासताना गळ्यातल्या शिट्टीलाही भरपूर फासली होती, आत गोळा होऊन बसला होता. मी गाल फुगवून फुगवून लालपिवळा झालो. पोरं हसायला लागली. तेवढ्यात आचारी सांगायला आला की पंगत बसवा, वरण थंड होतंय. बायका उठल्या. गाणं तसंच अर्धवट राहिलं. गाडी उभी.

दुपारी चारच्या सुमारास मी मांडवाच्या दारात पाण्याचे जार मोजत होतो. समोरून रस्त्यानं एक म्हातारा आला. अंगात घरातली बंडी, धोतराला धूळ, एक पाय अनवाणी… आणि हातात एक चप्पल. अंगठा तुटलेली.

वसंतमामा!

मित्रहो, मी पाया पडायचं सोडून त्या चपलेकडेच बघत राहिलो. मामा मला म्हणाला, “शिट्टी नाही ना वाजली?”

मी मान हलवली. नाही.

“मंग ठीक,” म्हणाला, आणि सरळ आत गेला.

आत आईसमोर बसून तो पाणी प्यायला आणि मग त्यानं जे सांगितलं ते मी शक्य तितकं जसंच्या तसं देतो. तो बीबीला घरासमोरच्या लिंबाखाली पोतं शिवत बसला होता. आधी ढोलकं ऐकू आलं. त्याला वाटलं कोणाची वरात आहे. पण ठेका आपल्या गाण्याचा, आणि वाजवणारा इतका वाईट, की त्याच्यानं बसवेना. (“कोन बडवून राह्यलं होतं बे? दर तिसऱ्या ओळीले इंजन बंद!” — दाजी तिथून हळूच उठून गेले.) मग गाणं. एकेक नाव कानावर येतंय. रस्त्यावर स्पीकरची गाडी असेल म्हणून तो बघायला उठला. रस्ता मोकळा. दोनदा विचारून झालं. तिसऱ्यांदा विचारलं आणि आईचा आवाज आला. काकूचा नाही, आईचा. तो त्या आवाजाच्या दिशेनं पळाला. चौऱ्याहत्तरचा माणूस. पळताना चपलेचा अंगठा तुटला. तुटला, आणि तेव्हाच कानावर आलं — चप्पल तुटली पायातली.

“मी चमकलो ना,” मामा म्हणाला. “म्हटलं, हे अक्का मले पाहून राह्यली कुठून तरी. मंग शिट्टीची वाट पाह्यली. शिट्टी येईचना. म्हटलं, म्हंजे गाडी उभी हाये अजून. तसाच स्टँडवर गेलो.”

तीन गाड्या बदलून आला होता, एक पाय अनवाणी.

 आई म्हणाली, “अठरा वर्षं लागते काय रे टेसनावर याले?” आणि मग दोघांचं जे भांडण जुंपलं ते अर्धा तास चाललं. त्यात त्यांच्या लहानपणीच्या एका बोरांच्या वाट्यापासून सगळं निघालं. आम्ही बाहेर उभं राहून डोळे पुसत ऐकत होतो. माझं नाव दोनतीनदा आलं, ते विशेषण वगळून सांगतो : यादीवाला.

आता क्लार्कच तो, चौकशी केल्याशिवाय राहतो का. कोणी फोन लावून ठेवला असेल, असं मला पहिल्यांदा वाटलं. मांडवातल्या प्रत्येकाला विचारलं. कोणी नाही. भाच्यानं व्हिडिओ केला होता. वेळ अकरा वीस. तो घरच्या ग्रुपवर टाकला संध्याकाळी सातला, तेव्हा मामा आमच्याकडे जेवायला बसला होता. बीबीला मामाची सून रेखावहिनी, तिला फोन केला. ती भाकरी टाकत होती. मामाचा बटणांचा मोबाईल तिच्याजवळ आत चार्जिंगला, सकाळपासून एकही कॉल नाही. तिला गाणं-बिणं काही ऐकू आलं नाही. तिनं फक्त मामाला उठताना पाहिलं. मामा मोठ्यानं ‘आलो, आलो’ म्हणत रस्त्याकडे पळाला. तिला वाटलं, कोणी पाहुणे आले.

किती वाजता? तर साडेअकराची एस.टी. यायच्या थोडं आधी.

आमचे जावईबापू पुण्यात इंजिनीअर आहेत. त्यांचं म्हणणं, मामांना हळदीचा दिवस माहीत होता, यायचं मनात होतंच, निमित्त हवं होतं. मनानं गाणं तयार केलं. मलाही हे पटतं. सोमवार ते शनिवार पटतं. मग चप्पल आठवते. दाजींचा अडकणारा ठेका आठवतो, जो जगात दुसरं कोणी वाजवूच शकत नाही. आईला विचारलं, तुला चप्पल दिसली का? म्हणाली, दिसलं-बिसलं काही नाही, तोंडातून आलं. मामाला विचारलं तर तो वैतागला. “तिनं हाक मारली, मी आलो. यात इचारासारखं काय हाये?”

त्या दोघांना यात काहीच अमानवीय वाटत नाही. काटा येतो तो फक्त माझ्या अंगावर. तुमच्यापैकी कोणाला उत्तर सापडलं तर जरूर लिहा. मी फाईल उघडी ठेवली आहे.

मामा लग्न उरकून आणखी अकरा दिवस राहिला. आता आई रोज संध्याकाळी त्याला फोन लावते आणि इतक्या जोरात बोलते, की शेजारच्या आळीलाही बीबीचं हवामान कळतं. परवा मी म्हटलं, आई, हळू बोल ना, फोन आहे तो, ऐकू जातं त्याला.

तिनं फोनवर हात ठेवला.

“सुनंदाच्या हळदीले ‘वसंता राह्यला’ हळूच म्हटलं होतं,” ती म्हणाली. “बाजूच्या बाईलेही आलं नव्हतं ऐकू.”