बधिर बोट

वाळूजहून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये त्या बाई रोज माझ्या शेजारी बसायच्या. त्या लॅबमध्ये जंतुनाशकं तपासायच्या, मी पॅकिंगला. नाव कधी विचारलं नाही. शिफ्ट संपल्यावर तेवढंही त्राण कुणात उरतं? त्यांच्या कपड्यांना फिनॉलचा, दवाखान्यासारखा वास. बसल्या की उजव्या हाताचं पांढुरकं पडलेलं बोट त्या अंगठ्यानं दाबत राहायच्या, कणीक भिजली का बघावं तसं.

एकदा न राहवून विचारलं, "दुखतं का?"

"दुखलं असतं तर तवाच धुतलं नसतं का, भाऊ? मागं फिनॉल सांडलं हातावर, मला पत्ताच नाय. ते आधी बधिर करतं, मग जाळतं. लई शरीफ चीज." त्या हसल्या मात्र नाहीत. बाहेर बघत म्हणाल्या, "तुम्हाला किती वर्षं झाली इथं?"

"अठरा."

"तरास नाय होत?"

"सुरुवातीला व्हायचा," मी म्हणालो. "आता काही वाटत नाही."

त्यांचा अंगठा बोटावरच थांबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं.