माझा अकरावा नंबर

सन २००५. मी एकसष्ट वर्षांचा होतो आणि इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या मराठी लोकांच्या क्रिकेट टीममध्ये बॉलिंग करत होतो. शाळा मी चौथीपर्यंत केली, तीही अर्धीमुर्धी. साताऱ्याकडच्या गावातून निघालो तो थेट इथल्या पावाच्या कारखान्यात. भट्टीपुढं हयात गेली. पण कारखान्याची क्रिकेटची टीम होती, आणि माझ्या बोटांतून बॉल वळतो हे तिथल्या फोरमननं पहिल्याच उन्हाळ्यात ओळखलं. तेव्हापासून मी बॉल टाकतो आणि सगळ्यांत शेवटी, अकरावा, बॅट घेऊन जातो. मला बॅटिंग येत नाही असं लोक म्हणतात. मी म्हणतो, मला वेळ मिळत नाही.

रीडिंगच्या टीममधली पोरं सगळी पुण्या-नागपूरकडची. कॉम्प्युटरवाली, व्हिसावर आलेली. रिटायर झाल्यावर मी त्यांच्यात गेलो. मला काका म्हणायची, किटबॅगला हात लावू द्यायची नाहीत, गाडीत पुढची सीट माझी. मान फार. आणि या मानानंच घोळ केला.

आमचा कॅप्टन पुण्याचा. इथं येण्याआधी तो अमेरिकेत नोकरीला होता आणि तिथनं बेसबॉलचं वेड घेऊन आला होता. एका शनिवारी संध्याकाळी त्यानं सगळ्यांना घरी बोलावलं. चहा झाला आणि मग तो माझ्याच शेजारी येऊन बसला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"काका, बेसबॉलमध्ये एक मस्त सिस्टीम आहे. बॉल टाकणाऱ्याला तिकडे पिचर म्हणतात. तर काही ठिकाणी तो पिचर बॅटिंगच करत नाही. त्याच्या जागी दुसरा एक जण, फक्त बॅटिंगपुरता."

"का? त्याचे हात मोडलेत?"

पोरं हसली. कॅप्टन नाही हसला. "नाही हो. ज्याला जे चांगलं येतं ते त्यानं करायचं. आता तर मोठ्या क्रिकेटमध्येसुद्धा बदली खेळाडूचा नियम आलाय. उद्याच्या मॅचला आपण ट्राय करतोय. समोरच्या कॅप्टनशी बोलणं झालंय माझं."

मग त्यानं नागपूरच्या एका नव्या पोराकडं बोट केलं. हा पोरगा बॅटिंगला वाघ, पण कंबर धरलेली, फील्डिंगला वाकता यायचं नाही. कॅप्टनचं म्हणणं असं की मी बॉलिंग करायची, त्यानं माझ्या जागी, अकराव्या नंबरावरच, बॅटिंग करायची; समोरच्यांची तेवढी अट होती. मला आराम, त्याला खेळायला मिळालं, टीमला रन मिळाले. मांडणी चोख होती, खोटं कशाला बोलू? खोट काढायला गेलो तर सापडेना. पण अंगाला आग लागली.

"आमच्या गावात याला कच्चं लिंबू म्हणतात," मी म्हणालो. "शेंबडं पोर खेळायला आलं की त्याला घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य नाही. मी शेंबडा आहे काय?"

"काका, कुठच्या कुठे नेताय! तुमच्या बॉलिंगशिवाय आपली टीम आहे का?"

"मग बॅटिंगशिवायचा मी कशाला पाहिजे? बसवायचं तर पुरता बसव. उद्या बॉलही टाकत नाही. अर्धा माणूस म्हणून मी कुठं उभा राहिलेलो नाही, त्या भट्टीवरही नाही. मी समोरच्याची दांडी उडवतो ना? मग माझी दांडी उडवायची संधी त्याला द्यायला नको? आपण मारायचं आणि आपल्यावर पाळी आली की शेजारच्याला पुढं करायचं, याला खेळ म्हणत नाहीत."

नागपूरचा पोरगा कपात बघत म्हणाला, "काका, मी नव्हतो म्हणत बरं का." आणि कॅप्टन नेहमीच्या गोड आवाजात म्हणाला, "बघू उद्या. तुम्ही बॉलिंग तर करा."

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "अहो, पण तुम्ही रन किती काढता?"

"रनांचा प्रश्न नाही."

"तेच म्हणते मी. रन असते तर प्रश्नच आला नसता."

एवढं बोलून तिनं माझे क्रिकेटचे क्रीम पँट-शर्ट इस्त्री करून ठेवले.

रविवारी मॅच एका खेड्यात होती. चर्च, एक पब आणि मधोमध ग्राऊंड. गेलो तर बाउंड्रीच्या कडेला माझ्यासाठी घडीची खुर्ची मांडलेली, तिच्यावर उशी, बाजूला चहाचा थर्मास. मी उशी काढून नागपूरच्या पोराच्या कंबरेला दिली.

त्यांची बॅटिंग पहिली. टाकणार नाही म्हणालो होतो, पण बॉल हातात आला आणि राहवलं नाही. मी बॉलिंग केली आणि ती उत्तम केली. उत्तम झालेलं काम उत्तम झालं म्हणायला मी लाजत नाही. पुढं येऊन मारायला गेले ते स्टंपिंग झाले, मागं राहिले त्यांच्या दांड्या गेल्या. शेवटी त्यांचा अकरावा आला. पांढऱ्या मिशांचा, माझ्याहून म्हातारा, पॅडचे पट्टे दोरीनं बांधलेले. तोही त्यांचा बॉलरच. स्टंपासमोर असा ताठ उभा राहिला की जणू सबंध गाव त्याच्या पाठीशी आहे. मी एक बॉल बाहेर ठेवला, दुसरा आत आणला. त्याची मधली दांडी गेली. तो वळला, पडलेल्या दांडीकडं बघितलं आणि जाता जाता माझ्यापाशी थांबून म्हणाला, "छान बॉल होता. आता तू ये. मी वाट बघतो."

मी येणार नाही, माझ्या जागी दुसरा येईल, हे त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं?

चहाच्या वेळी तोच म्हातारा काकडीचं सँडविच घेऊन माझ्याजवळ आला आणि त्यानं हळू आवाजात विचारलं, "गुडघा कसा आहे आता?"

"कुठला गुडघा?"

"तुमचा कॅप्टन म्हणाला, तुझा गुडघा गेलाय. म्हणून तर आम्ही बदली माणसाला हो म्हटलं."

मी कॅप्टनकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. माझ्या अब्रूला जपावं म्हणून त्यानं गुडघ्याचं निमित्त केलं होतं. आमच्या म्हाताऱ्याला बॅटिंग येत नाही असं परक्यांपुढं म्हणवलं नसेल. आपल्या लोकांची ही रीत मी जाणतो. वडीलधाऱ्याला बाजूला सारायचं, पण वर शाल घालून.

माझं इंग्रजी कारखान्यातलं, तोडकं. पण तेवढं पुरलं. मी जागच्या जागी चार उठाबशा काढल्या आणि त्या म्हाताऱ्याला म्हणालो, "गुडघा चांगला. मी बॅट करतो." तो मिशीत हसला.

आमची बॅटिंग सुरू झाली. मी पॅड बांधून बसलो. पलीकडं नागपूरचा पोरगाही पॅड बांधून बसला. लग्नमंडपात एका नवरीला दोन नवरदेव यावेत तसे आम्ही दोघं. पोरं चांगली खेळली, मग घाई करून गेली, जशी नेहमी जातात. नववी विकेट पडली तेव्हा एक चौका बसला की जिंकलो, अशी वेळ होती. कॅप्टन स्वतः दुसऱ्या टोकाला नॉट आउट उभा होता. त्यानं लांबूनच नागपूरच्या पोराला हात केला.

पोरगा कंबर सांभाळत उठेपर्यंत मी बाउंड्रीची दोरी ओलांडली होती.

"अहो काका! काका, थांबा!" कॅप्टन अर्ध्या वाटेपर्यंत धावत आला. "काका, प्लीज. चारच रन पाहिजेत."

"मग चारच काढू."

"अहो, ऐका ना."

मी चालत राहिलो. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला, पण मला अडवणार कसा? वडीलधाऱ्या माणसाचा दंड धरून त्याला मागं ओढायचं, हे त्याला आईबापांनी शिकवलेलं नव्हतं. मला ते ठाऊक होतं. त्याच्या मानानं मला बसवलं होतं, त्याच मानाचा मी फायदा घेतला. त्याचं मला आजही काही वाटत नाही. तो बाजूला झाला.

ओव्हर नवी होती, पांढऱ्या मिशीवाल्यानं बॉल दुसऱ्याच्या हातातून मागून घेतला. मी गार्ड घेतला. पहिला बॉल अडवला. दुसरा पॅडला लागला, त्यांनी आरडाओरडा केला, अंपायर हलला नाही. तिसरा बॅटच्या कडेला लागून मागं गेला आणि आम्ही पळालो. मी पळालो! गुडघा गेलेला माणूस! कॅप्टन ओरडत होता, "दुसरा, काका, दुसरा!" तोही निघाला. आता दोन राहिले.

मग म्हाताऱ्यानं बॉल हवेत उंच दिला. वळणार हे मला दिसलं, कारण तसा बॉल मी आयुष्यभर टाकत आलोय. दिसूनही पाय पुढं जायचा तो मागं गेला. मागं दांडी पडल्याचा आवाज आला. मधलीच.

हरलो. माझ्यामुळं हरलो, यात दोन मतं नाहीत. म्हाताऱ्यानं दोन्ही हातांत माझा हात धरला आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी परत." मी म्हणालो, "तू जिवंत राहा." त्याला ते फार आवडलं, मिशी हलेपर्यंत हसला.

परत येताना गाडीत माझी सीट पुढचीच होती. घराजवळच्या वळणावर कॅप्टन म्हणाला, "काका, तो गेला असता तर जिंकलो असतो."

"असता. तुम्ही जिंकला असता. मी खुर्चीवरनं टाळ्या वाजवल्या असत्या."

"तुम्ही ऐकत नाही कुणाचं."

"नाही ऐकत. त्या पोराला खेळव की. कोणाला तरी बसव, मला बसव हवं तर. पण बसणारा सगळाच बसेल. आणि गुडघ्याचं पुन्हा काढू नकोस."

तो हसला, मनाविरुद्ध. "मग पुढच्या रविवारी अकरावेच का?"

"दहावा केलास तरी चालेल."

बायकोनं दार उघडलं, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "जिंकलात?"

"आउट झालो," मी म्हणालो. ते सांगताना माझी छाती फुगली होती, असं ती अजून सगळ्यांना सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाआधी मी तिच्या जुन्या लांब मोज्यात बॉल घातला, मोजा मागच्या अंगणात कपड्यांच्या दोरीला टांगला आणि कॅप्टनच्या गाडीतनं उतरवून घेतलेली टीमची बॅट हातात धरली. ती ओले कपडे घेऊन दारात उभी राहिली, आता हे वाळत कुठं घालू म्हणून विचारत. "थांब जरा," मी म्हणालो, आणि बॉल झुलत आला तसा पाय पुढं टाकला.