पंचायतीचा उंबरठा

आमच्या नव्या पंचायतीच्या इमारतीवर सौर पॅनेल आहेत, आणि छताला काचा अशा की भरदिवसा आत दिवा लावावा लागत नाही. दारापर्यंतचा उतार नियमाप्रमाणे व्हावा म्हणून मी स्वतः टेप धरून उभा होतो, कारण माझ्या थोरल्या बहिणीला पहिल्या ग्रामसभेला व्हीलचेअरवरून एकटीनं आत जायचं होतं.

ती उतार सहज चढली आणि दारात अडली. तिथं चार बोटं उंच दगडी उंबरठा होता. नकाशात तो नव्हताच.

"हा काऊन बसवला?" मी मिस्त्रीवर ओरडलो.

"बिनउंबरठ्याची इमारत राह्यते काय बे? लक्ष्मी थांबत नाई. अन् परवा पूजेत तूच तर याच्यावर नारळ फोडला!"

खरं होतं. दिव्यांगांच्या हक्कांची पत्रकं लिहिणारा मी, तेव्हा मला हा उंबरठा दिसलाच नव्हता.

सरपंचांनी चौघांना बोलावलं. "ताईले उचला रे."

"मी काय तुरीचं पोतं आहो काय, भाऊ?" ताई म्हणाली.

चौघं थांबले, मग आत जाऊन बसले. सभा सुरू झाली. ताईनं बोलायला बाहेरूनच हात वर केला आणि बराच वेळ तसाच धरला. आत सगळ्यांची दाराकडे पाठ होती; तो कोणालाच दिसला नाही.