तात्यांचा पायरो आणि माझी कात्री

श्री. नामदेवराव शितोळे, म्हणजे आपणा सर्वांचे तात्या, यांची आणि माझी पहिली भेट झाली ती त्यांची बोलणी खाऊन. चाकणच्या आमच्या कंपनीत ओतीव भागांचे एक्स-रे काढतात, आत कुठे पोकळी किंवा तडा आहे का ते पाहायला. त्या फिल्म धुण्याच्या खोलीत मी नवखी होते आणि घाईघाईने उघड्या हातांनी डेव्हलपरमधून, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनातून, फिल्म उचलत होते. टूलरूममधले तात्या दारावरून चालले होते. ते आत आले, खिशातले रबरी हातमोजे माझ्यासमोर ठेवले, हात काय कंपनीने दिलेत का असे विचारले आणि निघून गेले. मला राग आला होता, पण मोजे मी घातले.

पुढे तात्या निवृत्त झाले आणि लोक जसे देवदर्शनाला लागतात तसे ते फोटोला लागले. लाकडी मोठा कॅमेरा त्यांनी स्वतः घडवला. वहीच्या पानाएवढी एकेक सुटी फिल्म त्यात बसते. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत आयुष्य घालवलेल्या निवृत्त कामगारांचे, त्यांच्या कामाच्या कपड्यांतले फोटो काढायचे, हा त्यांनी घेतलेला वसा. साहेब मंडळींनी अनेकदा गळ घातली, पण त्यांचे फोटो मोबाइलवर छान येतात असे सांगून तात्यांनी त्यांना हसतमुखाने वाटेला लावले.

पिंपळे गुरवच्या त्यांच्या घरातली न्हाणी हीच त्यांची डार्करूम. आत जाण्यापूर्वी बांगड्या, अंगठी, घड्याळ बाहेर काढायचे, कारण ओली फिल्म सायीसारखी मऊ असते. मग मिट्ट काळोखात तात्या मोठ्याने आकडे मोजणार आणि त्या लयीत आपण ट्रेमधली तळाची फिल्म वर, पुन्हा तळाची वर, असे करत राहायचे. डेव्हलपर पायरो. ऐनवेळी दोन द्रावणे एकत्र करून तो बनवायचा, आणि हातमोज्यांशिवाय त्याला शिवायचे नाही. पायरो फिल्मवर चांदीच्या चित्राबरोबर एक पिवळसर तपकिरी डागही सोडतो. त्यामुळे निगेटिव्ह डोळ्यांना फिकी, आजारी दिसते. पण फोटोच्या कागदाला तो पिवळा रंग काळ्यासारखाच भासतो, म्हणून छापल्यावर तिच्यातून सगळे उमटते. निगेटिव्हची पारख डोळ्याने करू नका, कागदाला विचारा, असे तात्या प्रत्येकाला बजावत. त्यांच्याकडे शिकायला येणारे आम्ही माना डोलवत असू. माझी मान जरा जास्तच डोलत असे.

माझे बाबा चिंचवडच्या एका फाउंड्रीत भट्टीवर होते. तात्या त्यांना रस्त्यापलीकडूनही आवर्जून जयभीम घालत. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी बाबांना कामाच्या कपड्यांत बसवून दोन फिल्म काढल्या. त्याच आठवड्यात बाबा गेले. फिल्म अजून धुतलेल्याही नव्हत्या. घरात बाबांचे फोटो होते ते लग्नकार्यातले, गर्दीत अर्धे डोळे मिटलेले. आईला भिंतीवर लावायला एक धड फोटो हवा होता, आणि तो या दोन फिल्मवरच होता. त्या मी धुणार, असा हट्ट मी धरला. तात्यांनी पायरो तयार करून दिला, आकड्यांची लय नीट समजावली. तेवढ्यात नळाला पाणी आले, म्हणून टाकी भरायला ते गच्चीवर गेले.

पहिली फिल्म धुऊन मी खिडकीशी धरली. फिकी, पिवळी. आमच्या कंपनीत अशी फिल्म म्हणजे रिजेक्ट, आणि रिजेक्ट फिल्म चुकूनही गिऱ्हाइकाकडे जाऊ नये म्हणून लगेच मधोमध कापायची. इतकी वर्षे हाताला तेच वळण. कागदाला विचारायचे राहिले बाजूला, मी कात्री चालवली. दुसरी फिल्म दुप्पट वेळ डेव्हलपरमध्ये ठेवली. ती चांगली काळीभोर झाली आणि मला बरे वाटले.

तात्यांनी दोन्ही छापून पाहिल्या. काळ्याभोर फिल्ममधून उजेडच पार होईना, बाबांचा चेहरा खडूने माखल्यासारखा आला, नाकडोळे नावालाच. मग त्यांनी कापलेले दोन तुकडे काचेवर कडेला कड भिडवून ठेवले आणि छापले. बाबा आले. कपाळावरच्या घामासकट, गालावरच्या भाजल्याच्या व्रणासकट आले. पण सांध्याच्या जागी, गळ्यावरून आडवी एक काळी रेघ गेली होती. तात्यांनी तीन दिवस सुईसारख्या पात्याने ती खरवडली, तरी ती पुरती गेली नाही.

फोटो घेऊन आम्ही आईकडे गेलो. तिची नजर थेट गळ्यावर गेली. मी तोंड उघडण्याआधीच तात्या म्हणाले, वहिनी, माझ्या हातनं कापली गेली. माझ्या माणसाच्या गळ्यावर कात्री चालवलीत, एवढेच आई बोलली. जिन्यात मी त्यांना विचारले, असे का केलेत? ते म्हणाले, "पोरी, आता तुझ्या आईला तूच हायेस. माज्यावर रागावली तर मला न्हाई जड व्हायचं."

त्यानंतर दर भीमजयंतीला तात्या आमच्या घरी येत राहिले. आई पाण्याचा तांब्या पुढे करी आणि आत निघून जाई. चहा नाही, बस म्हणणे नाही. तात्या पाणी पिऊन, फोटोकडे एकदा पाहून उठत. मी हे दर वर्षी पाहिले, आणि दर वर्षी, पुढच्या वर्षी आईला खरे सांगू, असे मनाशी म्हणत राहिले. तात्यांच्या शिष्यमंडळातही त्या कात्रीवरून त्यांची थट्टा होत आली, त्या थट्टेत मीही हसले आहे. त्याची मला लाज वाटते.

तात्यांच्या या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी लेख मागितला गेला, तेव्हा इथवरचा मजकूर पाठवण्यापूर्वी मी आईला वाचून दाखवला. ऐकून आई म्हणाली, "नऊ वर्षं त्या माणसाला मी नुसत्या पाण्यावर परत पाठवलं. आन् तू बघत उभी होतीस." त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नाही. तात्यांच्या पंचाहत्तरीच्या सोहळ्याला ती येणार आहे, पण माझ्याबरोबर नाही, एकटी, बसने. तात्यांशी तिला स्वतः बोलायचे आहे असे शेजारणीकडून कळले.

तात्या, कात्री माझी होती. एवढे चारचौघांत लिहायला मला नऊ वर्षे लागली. आपणांस निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभावे असे या ग्रंथात सगळेच लिहितील. मी ते जरा स्वार्थाने लिहिते. आई लवकर विरघळणारी बाई नाही. माझ्याशी ती पुन्हा बोलू लागेल तेव्हा लागेल, आणि तोवर तिची समजूत घालू शकेल असा माणूस मला आपल्याशिवाय दुसरा ठाऊक नाही.