मामांची हळहळ

जगात हळहळणारी माणसं पुष्कळ पाहिली, पण समोरच्याची हळहळ व्याकरणात बसते की नाही हे आधी तपासून मगच त्याचं सांत्वन करणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. उंब्रजच्या शाळेत त्यांनी सारी हयात इंग्रजी शिकवलं आणि इंग्रजीतही त्यांचा जीव एकाच धड्यात अडकला होता. 'आय विश', 'इफ ओन्ली', 'इफ आय हॅड' या शब्दांनी सुरू होणारी, जे नाही त्याबद्दलची आणि जे व्हायला हवं होतं पण झालं नाही त्याबद्दलची वाक्यं म्हटली, की मामांचे डोळे चमकायचे. बाकीचं व्याकरण ते पोटापाण्यासाठी शिकवत.

माझी त्यांची पहिली गाठ लग्नानंतरच्या पहिल्या जेवणाला पडली. पोटाला तड लागली होती. मामी आणखी एक पुरणपोळी वाढायला आल्या, तेव्हा मी नव्या जावयाला शोभेल अशा नम्रतेनं म्हटलं, "घेतली असती हो, पण जागाच नाही." मामांनी घास खाली ठेवला. "जावईबापू, 'घेतली असती' म्हणजे कधी? आत्ता की मघाशी? पोळी अजून मामीच्या हातात आहे. आत्ताचं म्हणत असाल तर इंग्रजीत 'वुड टेक' आणि मघाचं असेल तर 'वुड हॅव टेकन'. आपली मराठी फार मोघम. एकाच 'असती'त दोन्ही घालते, त्यामुळे आपल्या माणसाला कळतच नाही की अजून काही करता येण्यासारखं आहे की सगळं संपलंय. इंग्रजी निर्दय आहे. तिथं 'हॅड' आला की संपलं." एवढं ऐकल्यावर पोळी खाणंच सोपं वाटलं. मी ती घेतली.

मामांना या बाबतीत स्थळकाळाचं भान नव्हतं. शेजारच्या शिवाप्पाची म्हैस गेली तेव्हा तो बिचारा गोठ्याच्या दारात डोकं धरून बसला होता. "डाक्टर येळंवर आला असता, तर वाचली असती वो माजी म्हस." मामा त्याच्या शेजारी उकिडवे बसले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "इफ द डॉक्टर हॅड कम इन टाइम. हॅड कम. म्हणजे आता आपल्या हातात काही नाही, शिवाप्पा." शिवाप्पानं वर पाहिलं. "आवं मास्तर, म्हस मराठीतच मेलीय न्हवं?" ही गोष्ट मामी सगळ्यांना सांगत आणि शेवटी म्हणत, "ह्यांना जवळ जायचं असतं हो माणसाच्या. पण जाताना फळा घेऊनच जातात."

फळा त्यांच्या ओसरीवर खरोखरच होता. निवृत्तीनंतरही गावातली पोरं संध्याकाळी तिथं फुकट शिकायला बसत. मामा प्रत्येकाकडून 'आय विश'चं एक वाक्य करून घेत. कुणाला पक्षी व्हायचं असे, कुणाला सायकल हवी असे. एकदा एका मुलीनं पाटीवर लिहिलं, की माझे वडील दारू पीत नसते तर बरं झालं असतं. इंग्रजी अगदी बिनचूक होतं. मामांनी पाटी हातात घेतली, खूप वेळ पाहिली, 'बरोबर' म्हणाले आणि वर्ग तिथंच सोडला. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं मामी सांगत होत्या.

अशा माणसाच्या घरात एक विषय मात्र कुणी काढत नसे, तो म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. मामांचं मूळ गाव जतकडचं, कोरड्या मुलखातलं. घराण्यात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. दोघा भावांपैकी एकालाच शाळेत पाठवणं शक्य होतं, आणि थोरल्यानं आपण होऊन काठी उचलली. "धाकल्याचं डोस्कं चांगलं हाय," एवढंच तो बापाला म्हणाला होता. पुढं मामा शिकले, मास्तर झाले, उंब्रजला स्थायिक झाले. आई थोरल्याकडेच राहिली.

मामांची आई गेली तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मामा त्या वेळी परीक्षेचे पेपर तपासायला कोल्हापुरात होते. आईचं जास्त झाल्याचा निरोप त्यांना सकाळीच मिळाला होता. हातातला गठ्ठा संपवून निघू, असं ते म्हणाले. गठ्ठा संपला संध्याकाळी. ते गावी पोचले तोवर सगळं उरकलेलं होतं. आम्ही सगळे अंगणात बसलो होतो. थोरला भाऊ उठून त्यांच्याजवळ आला. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "आई तुजंच नाव घेत गेली रं. सकाळी निघाला असतास, तर गाठ पडली असती."

माणूस भेदरला की त्याला जे येतं तेच बोलतो.  मामा म्हणाले, "दादा, 'असती'ला आता काय अर्थ आहे? हे वाक्य तिसऱ्या प्रकारचं, 'हॅड'चं झालं. यात आता..."

  थोरल्यानं मामांची पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली. "मास्तर झालास, लय बरं झालं. आता जा."

त्यानंतर अकरा वर्षं दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. मी दोनतीनदा म्हटलं, "मामा, जाऊन या की." मामा कधी म्हणत दिवाळीनंतर बघू, कधी म्हणत उन्हाळा सरू दे. सगळ्या गावाला 'अजून होण्यासारखं' आणि 'संपलेलं' यांतला फरक शिकवणाऱ्या माणसाला स्वतःचं वाक्य कुठल्या प्रकारातलं आहे, ते ठरवता येत नव्हतं.

मागच्या मार्च महिन्यात जतहून फोन आला. थोरल्याला अर्धांगवायूचा झटका आला होता. मी साताऱ्याहून गाडी काढली आणि उंब्रजला मामांना घेतलं. कराड गेलं, इस्लामपूर गेलं, मिरज मागं पडली, तरी मामा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. ते खिडकीबाहेर बघत तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवत होते. मध्येच मान हलवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. मी कान दिला. ते सगळं मराठी होतं.

दारातच मामांच्या वहिनी भेटल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "लय येळ लावलासा, भावजी. जावा आत. पन एक सांगते, त्यास्नी आता बोलाया येत न्हाई. एकच शबूद ऱ्हायलाय तोंडात, 'आसूंदे'. पानी दिलं तरी आसूंदे, माशी बसली तरी आसूंदे. डाक्टरलाबी त्येच म्हनत्यात."

थोरला भाऊ बाजेवर पडला होता. तोंड एका बाजूला ओढलं होतं, पण नजर जागी होती. मामा बाजेशेजारी जमिनीवरच बसले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून ती बोली कधी ऐकली नव्हती.

"दादा, मी हाय. धाकला." त्यांनी भावाचा हात हातात घेतला. "त्या दिशी मी सकाळीच निघाया पायजे हुतं. निघालो न्हाई. पेपर तपासत बसलो. आन् वर तुलाच शिकवाया लागलो. चुकलं माजं, दादा. लय चुकलं."

थोरल्यानं त्यांच्याकडे पाहिलं.  मग ओढलेल्या तोंडातून शब्द आला, "आसूंदे."

मामांनी कपाळ बाजेच्या कडेला टेकलं. त्यांची पाठ हलत होती. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. थोरल्यानं कपाकडे पाहिलं आणि त्याच आवाजात, त्याच सुरात म्हटलं, "आसूंदे."

थोड्या वेळानं मामा बाहेर अंगणात आले. चष्मा पुसला, पुन्हा लावला. "जावईबापू," ते म्हणाले, "ते त्यानं मला म्हटलं का हो?"

"तुम्हालाच म्हणाले, मामा. चहा तर नंतर आला."

मामा माझ्याकडे बघत राहिले. मी खरं सांगतोय की त्यांना बरं वाटावं म्हणून, हे ताडायचा प्रयत्न करत असावेत. मला स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं. मग ते म्हणाले, "तुम्ही निघा. मी राहतो."

जो माणूस मामींच्या हातची भाकरी नसेल तर परगावी दुसरा दिवस काढत नसे, तो तिथं महिनाभर राहिला. भावाला आंबील पाजायचा, कूस बदलायचा, अंग पुसायचा. मी फोन केला की म्हणायचे, "बरं चाललंय. गप्पा होतात रोज. मी बोलतो, तो आसूंदे म्हणतो." एकदा मी विचारलं, ओसरीवरची पोरं मामींना विचारतात, त्यांना काय सांगायचं?  दादाला दुपारी अंगणात आणायचं आहे, चौघे जण लागतात, एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

मग एक दिवस त्यांचाच फोन आला. मी ऑफिसला निघालो होतो.

"दादा गेला," मामा म्हणाले. "सकाळी, चांगलं उजाडल्यावर. मी होतो."

मी फोन कानाशी धरून दारातच थांबलो. मामांनीही फोन ठेवला नाही. पलीकडे वहिनींचं रडणं ऐकू येत होतं आणि त्याच्याही पलीकडे, कुणाच्या तरी मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा रानाकडे निघाल्या होत्या.